दोन विमानांचं एक धड

भुवईत विमानाचा पंख रुतलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. तो माझ्या दारात उभा होता, शर्टाची कॉलर रक्ताने भिजून काळी पडली होती, आणि अगदी साध्या आवाजात विचारत होता, "खलनायक, घरात चिमटा आहे का?"

खलनायक म्हणजे मी. उभा जन्म रंगभूमीवर दुष्टपणा करण्यात गेला. लाकडी तलवारींनी मी राजे मारले, रबरी सुऱ्यांनी मित्रांचे गळे चिरले, आणि पडदा पडल्यावर त्याच मित्रांबरोबर चहा प्यायलो. त्यामुळे रक्ताची मला सवय आहे असा माझा समज होता. पण आमचं रक्त साखरेच्या पाकात रंग कालवून केलेलं असायचं. ते शहाणं असतं. गालावर थांबतं, शेवटच्या रांगेला दिसेपर्यंत धीर धरतं. खरं रक्त कोणासाठी थांबत नाही. ते डोळ्यात शिरतं, कानामागे जातं, फरशीवर पडतं आणि पुसणाऱ्याला पसरट डाग देऊन जातं.

मी त्याला खुर्चीत बसवलं, चष्मा लावला, आणि चिमट्याने तो पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा उपसला. तो हूं की चूं न करता बसून होता. फक्त एवढंच म्हणाला की दादाने फेकून मारलं.

हा माणूस माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. सगळे त्याला रिव्हेट म्हणतात. विमान दुरुस्तीच्या कारखान्यात त्याने नोकरी केली, आणि एके काळी विमानाच्या पत्र्यात त्याच्याइतका सरळ रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, मारणारा कोणी नव्हता असं त्याचे शत्रूसुद्धा सांगतात. शत्रू त्याला भरपूर होते. बुटका, रुंद, मान जवळपास नाहीच, आणि मुठी अशा की त्याच्या हातात चहाचा कप खेळण्यातला वाटावा. गल्लीतल्या दोन माणसांचे दात त्याने पाडले आहेत. त्यातला एक आता त्याच्याकडे पंखा दुरुस्त करायला आणतो, म्हणजे माणूस वाईट नाही. हात आधी चालतो, एवढंच.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बांधा तोच, मुठी त्याच. लहानपणापासून दोघं एकमेकांना बदडत मोठे झाले. आई लाटणं घेऊन मध्ये पडायची आणि दोघांनाही हाणायची. मग तिघंही दमून जेवायला बसायचे. ते भांडण म्हणजे घरातलं हवापाणी होतं. त्यात विष नव्हतं. विष नंतर आलं, आणि ते कुठून आलं हे कळायला त्यांचं काम कळलं पाहिजे.

विमानाच्या पत्र्यात रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, हातात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक. दुसरा विमानाच्या पोटात, हातात पोलादी ठोकळा. बाहेरचा बंदूक दाबतो, आतला रिव्हेटच्या शेपटीवर ठोकळा धरून ठेवतो, आणि दोघांच्या मध्ये शेपटी चपटी होऊन बसते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. कारखान्यात आवाज इतका की ओरडून उपयोग नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बसला, थांब. तीन म्हणजे वाया गेला, काढून टाक. बस, एवढीच भाषा. ह्या तीन वाक्यांवर दोघा भावांनी तारुण्य काढलं. दादा आत, रिव्हेट बाहेर. घरी एकमेकांचे कान फोडणारे हे दोघं तिथे एका अंगाच्या दोन हातांसारखे चालायचे.

मग एके दिवशी एका लांब विमानाच्या पोटाचं काम निघालं. ह्या जातीच्या विमानात एक आखूड असतं आणि एक लांब. लांब म्हणजे आखूडच, पण पंखाच्या पुढे एक तुकडा आणि मागे एक तुकडा जास्तीचा घातलेला. काम पुढच्या तुकड्यात होतं. दादाने एका रिव्हेटवर दोन बोटं ठेवून शेपटी चाचपली. ठोकळा बोटांना मागून टेकलेला होता. त्याने अजून ठोका दिलाच नव्हता. बाहेर उभ्या धाकट्याला मात्र एक ठोका ऐकू आला. अजून मार. त्याने बंदूक दाबली.

दादाची पहिली आणि मधली, दोन्ही बोटं पेरापर्यंत गेली. तो विमानाच्या दारातून बाहेर आला, उजव्या हातातून रक्ताची धार, डाव्या हातात तोच पोलादी ठोकळा, आणि शिडी उतरून त्याने तो धाकट्याच्या जबड्यावर हाणला. आडव्या पडलेल्या भावाच्या छातीवर बसून तो फुटलेल्या हाताने त्याचं तोंड ठेचत राहिला. रक्त कोणाचं ते ओढून काढणाऱ्यांनाही कळेना. दोघांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि म्हणे वाटेत स्ट्रेचरवरूनही लाथा चालूच होत्या.

रिव्हेटचं म्हणणं एकच. ठोका आला होता, आणि तो ढापण्याचा होता. ढापण्या म्हणजे जाड चष्म्याचा एक कामगार. तो दुसऱ्या जोडीतला, आणि त्याच तुकड्यात, हाताच्या अंतरावर, आपल्या जोडीदाराला ठोके देत होता. पण एका तुकड्यात एका वेळी एकच जोडी, असा नियम होता, नेमका ह्याच कारणासाठी. चौकशीत ढापण्या म्हणाला की मी तिथे नव्हतोच, दाराच्या पलीकडे होतो. दादा त्या टोळीचा मुकादम. तोही म्हणाला, ढापण्या तिथे नव्हता. मग राहिलं काय? सकाळी घरी भांडण झालेला भाऊ, आणि त्याच्या हातातली बंदूक.

रिव्हेटची बंदूक काढून घेतली. खरं तर काढून घ्यायची गरजच नव्हती. त्याच्यासाठी ठोकळा धरायला कोणी आत जाईना. ज्याने सख्ख्या भावाची बोटं चेचली त्याच्यासमोर बोटं कोण ठेवणार? नोकरीची उरलेली सगळी वर्षं त्याने विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं धुतली.

आई गेली तेव्हा हे दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात समोरासमोर आले. रिव्हेट एवढंच म्हणाला की दादा, आता तरी ऐक. दादाने सलाईनचा स्टँड उचलला. रिव्हेटच्या दोन बरगड्या गेल्या, दादाचं नाक वाकडं झालं ते कायमचं, आणि नर्सबाईंनी दोघांना अशी एकेक ठेवून दिली की आईची आठवण यावी. दर दोन-चार वर्षांनी हा प्रयोग व्हायचा. जागा बदलायची, संवाद तोच.

आणि आता दादाची मुलगी त्याला कायमचं आपल्याकडे, परदेशी नेणार होती. रिव्हेटकडे वेळ उरला नव्हता. म्हणून तो दुकानातून त्या विमानाचं, सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं किट घेऊन आला, जोडलं, आणि दादापुढे ठेवून म्हणाला की दाखवतो, तू कुठे होतास आणि ढापण्या कुठे होता. दादाने ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे ते विमानच नाही. ते लांब होतं." आणि फेकून मारलं. तोच तो भुवईतला पंख.

मी जखमेवर पट्टी चिकटवत होतो, आणि हा रक्ताळलेला माणूस विचारात पडला होता. म्हणाला की दादा बरोबर बोलला.

लांब विमानाचं किट कुठेच मिळत नव्हतं. तेव्हा त्याने आखूड विमानाची दोन किटं आणली. दोन विमानं कापून एक करायचं. मला वाटलं, सोपं आहे. नाही. त्याने आधी दोन्ही विमानांच्या धडाचे डावे-उजवे भाग चिकटवून नळकांडी केली, त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळून रेघ धरली आणि बारीक दात्यांची करवत घेतली. त्या करवतीचा आवाज ऐकून माझे दात शिवशिवले. नाटकात आम्ही एवढे खून केले, पण कापताना आवाज व्हावा ही अक्कल कोणाला आली नाही.

कापून झाल्यावर तो तुकड्यांकडे बघत बसला. मग त्याने तुकडे पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा उचलून भिंतीवर फेकला. भिंतीचा टवका उडाला, त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. चूक काय झाली होती? रागाच्या भरात त्याने दोन्ही धडं एकाच रेघेवर कापली होती. पुढचं आणि मागचं कसंही जोडा, पुन्हा आखूड विमानच तयार होणार. एक धड रेघेच्या मागे कापायचं आणि दुसरं पुढे, तरच लांबी वाढते. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, ह्यांना विचारा, आयुष्यात एक तरी गोष्ट न फोडता केली आहे का?" आणि केर काढायला लागली.

पुन्हा किटं आली. ह्या वेळी तो शांत होता, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटलं. पंखाच्या पुढे एक धड रेघेच्या मागे कापलं आणि दुसरं रेघेच्या पुढे, पंखाच्या मागेही तसंच. एकाचं नाक आणि शेपटी घेतली, मध्ये दुसऱ्याचं पोट. कापताना करवत घसरली आणि तळव्यात बोटभर लांब चीर पाडून गेली. त्याने दुसऱ्या हाताने तळवा दाबला, दातांनी फडकं बांधलं आणि उरलेला काप पूर्ण केला. धडाच्या आत पांढऱ्या पट्ट्यांचे तुकडे बसवले, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पकड धरतील असे. म्हणाला की खऱ्या विमानात असंच असतं, सांधा आतून धरतात. वरून लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरली, काचपेपरने घासली, पुन्हा भरली. नाकात वजन हवं, नाहीतर लांब शेपटीमुळे विमान मागे बसतं. तिथे त्याने जपून ठेवलेले जुने खरे रिव्हेट मूठभर भरले. रंग दिल्यावरही तळव्यातल्या रक्ताचा एक ठिपका पोटाखाली राहिलाच. तो म्हणाला, राहू दे, त्याच विमानासारखं झालं.

दादाकडे जाताना त्याने मला बरोबर घेतलं. कारण काय, तर मारामारी कशी थांबवायची हे मला येत असेल. मी त्याला सांगितलं की बाबा, आमच्या मारामाऱ्या थांबत, कारण त्या कशा थांबायच्या हे आधी ठरलेलं असायचं. तरी गेलो. विमान ट्यूबलाइटच्या कापलेल्या खोक्यात होतं आणि ते मी तान्ह्या मुलासारखं मांडीवर धरलं होतं.

दुपार होती. खोलीत बांधून ठेवलेल्या बॅगा, भिंतीवर काढलेल्या फोटोंच्या चौकोनी खुणा. दादा टेबलाशी बसला होता. पुतणी पाणी घेऊन आली, काकाकडे पाहून तिने काचेचे पेले परत नेले आणि स्टीलचे आणले. शहाणी मुलगी.

रिव्हेटने विमान टेबलावर ठेवलं आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागला. हे ते लांब. हा पुढचा तुकडा. मी इथे बाहेर. तू आत. दादा विमानाकडे बघत होता. त्याचा वाकड्या नाकाचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आणि चेहरे वाचणं हा माझा धंदा. एकदम त्याने शेपटी पकडली आणि विमान टेबलाच्या कडेवर आपटलं. पंख उडाले. दुसऱ्यांदा आपटलं. नाक फुटलं आणि जुने रिव्हेट फरशीभर खळाळत पसरले. तिसऱ्यांदा शेपटीच हातात आली.

मग टेबल उलटलं. रिव्हेट त्याच्यावरून दादावर झेपावला. मी मध्ये पडलो, एक कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि माझी भूमिका तिथेच संपली. खाली बसून श्वास घेत मी पाहिलं ते असं: दादाचा तुटक्या बोटांचा हात धाकट्याच्या गळ्यावर, अंगठ्याने नरडं दाबलेलं. रिव्हेटचं डोकं दादाच्या तोंडावर, एकदा, पुन्हा एकदा. दात फुटल्याचा आवाज. फरशीवरच्या रिव्हेटांवरून दोघांचे पाय घसरत होते आणि पडता पडताही ते एकमेकांना सोडत नव्हते. पुतणी ओरडत नव्हती. तिने स्टीलचा जग उचलला आणि दोघांच्या डोक्यांवर पाणी ओतलं. मग रिकाम्या जगाने दोघांच्या पाठीत एकेक घातली.

दोघं सुटले. दादा भिंतीला टेकून खाली बसला, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त छातीवर. रिव्हेट समोर गुडघ्यांवर, घशातून घरघर. दोघांच्या मध्ये विमानाचं धड पडलं होतं. पंख नाहीत, नाक नाही, शेपटी नाही. पण सांधा एकही सुटला नव्हता.

दादाने ते उचललं. मला वाटलं, आता पायाखाली चिरडणार. पण त्याचा अंगठा सांध्यावरून फिरला. पुढे, मागे. जन्मभर पत्रा चाचपलेल्या माणसाचा अंगठा. तो आपोआप फिरत होता. मग तो कपाळाला आठ्या घालून खिडक्या बघू लागला.

"पुढच्या तुकड्यात एक खिडकी जास्त घातलीस," तो म्हणाला.

रिव्हेट घोगऱ्या आवाजात म्हणाला की नाही, बरोबर आहेत.

"अरे, मी आत होतो का तू? ही खिडकी माझ्या डोक्यावर होती." त्याने आखूड बोटाने दाखवलं. बोटावरचं रक्त पांढऱ्या रंगावर लागलं. "मी इथे. मग सांगाड्याच्या दोन कड्या. आणि इथे ढापण्या. तुझी ही जादा खिडकी येते कुठे?"

दादाचं बोट अजून तिथेच होतं, ढापण्याच्या जागी. त्याने ते उचललं नाही. मला वाटतं, उचललं तर सगळं कबूल होईल आणि ठेवलं तरी कबूल होईल, हे त्याला एकाच क्षणी कळलं.

रिव्हेट खूप सावकाश म्हणाला, "तो तिथे होता."

दादा म्हणाला, "मीच त्याला आत घेतला होता. काम आटपायचं होतं." आणि मग, धडाकडेच बघत, "ठोका मीही ऐकला होता."

मी रंगमंचावर अनेक शांतता पाहिल्या आहेत, पण त्यांच्या मागे कोणीतरी विंगेत उभं असायचं. इथे कोणी नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस आपल्यावर विश्वास बसावा म्हणून जबडा, बरगड्या, भुवई देत राहिला. आणि विश्वास तर पहिल्या दिवसापासून होताच, दादाने फक्त तो खिशात घालून ठेवला होता.

रिव्हेट उठला. दोन पावलं पुढे गेला आणि त्याने दादाच्या तोंडावर ठोसा मारला. तो ठोसा मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. खांद्यातून निघालेला, सरळ, एका जागी मारलेला ठोसा. दादाचं डोकं भिंतीवर आदळलं आणि तो एका कुशीवर कलंडला. पुतणी पुढे धावली. मी तिचा हात धरला. का धरला ते मला माहीत नाही.

फरशीवर पडलेल्या दादाने डोळे उघडले नाहीत. त्याने उजवा हात, आखूड बोटांचा, फरशीवर टेकवला. आणि मुठीने फरशीवर एक ठोका दिला.

एकच.

रिव्हेटचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्याने मान हलवली, नाही म्हणून. दादाचा हात फरशीवर तसाच वाट बघत होता. मग रिव्हेट खाली वाकला, डाव्या हाताने दादाची कॉलर धरून त्याला अर्धवट उचललं आणि दुसरा ठोसा मारला. तो पहिल्यापेक्षा हलका नव्हता. गालाचं कातडं फाटलं.

दादाच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला आणि फुटला. हात पुन्हा फरशीवर गेला. ठक. ठक.

रिव्हेटने कॉलर सोडली आणि भावाशेजारी भिंतीला टेकून बसला. दोघांचे खांदे चिकटले होते आणि दोघंही जमिनीवर थुंकत होते. पुतणी आधी बर्फ घेऊन आली, मग फडकं घेऊन, आणि शेवटी तिने बापाला विचारलं की प्रवासात हे तोंड अधिकाऱ्यांना दाखवून काय सांगायचं. दादा म्हणाला, सांग, धाकट्याचा निरोप घेतला.

विमानाचं उरलेलं धड दादाने ठेवून घेतलं नाही. चुकीच्या खिडकीचं विमान मी परदेशी नेणार नाही, असं म्हणाला.

तेव्हा पुन्हा किट आलं आणि सांधा पुन्हा कापला. निघायला अजून थोडे दिवस आहेत, तोवर दादा रोज सकाळी जिना चढून वर येतो, गाल निळा-पिवळा, नाक वाकडंच. खाली मला आवाज येतो तो करवतीचा, आणि अधूनमधून शिव्यांचा. परवा काहीतरी फुटलं आणि रिव्हेटची बायको दोघांवर ओरडली. काल मी वर गेलो तर दोघं टेबलाला नाक लावून बसले होते. रिव्हेट बाहेरून लांबी दाबत होता, आणि दादाने आपली दोन आखूड बोटं धडाच्या कापलेल्या तोंडातून आत घातली होती, आतली पट्टी धरायला. अख्खी बोटं असती तर आत वळली नसती.